चिपळूणच्या घराला इशारा : कुणापर्यंत पोचतो, कधी हलायचं, काय वर न्यायचं

विचारलेलं थोडक्यात असं. मुलगा पुण्यात नोकरीला. आई-बाबा चिपळूणला, बाजारपेठेच्या खालच्या अंगाला, तळमजला आणि वर माडी. वडिलांचे गुडघे गेलेले, आईला इन्सुलिन चालू. २०२३ मध्ये एकदा सगळ्यांचे मोबाईल कर्कश वाजले, ‘चाचणी संदेश’ आला, त्यानंतर तसं काही वाजलं नाही. उलट पावसाळ्यात एक दिवसाआड कुठला ना कुठला अलर्ट येतोच. मग खरा कुठला मानायचा, आणि घरात तयारी काय ठेवायची?

मी महसूल खात्यात होतो. १ जून उजाडला की तहसीलच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळ्या लागतात, त्या भरपूर केल्या. तिथे बसणाऱ्याला एक गोष्ट दिसते. इशारा कक्षातून बहुतेक वेळा निघालेला असतो, पण ज्या घरात पाणी शिरणार त्या घरातल्या माणसाला तो कळलेला नसतो. आणि कळला असेल तर ‘बघू अजून तासभर’ म्हणत माणसं बसून राहिलेली असतात. त्यामुळे बॅटरी, बिस्किटं, मेणबत्त्या यांची यादी मी शेवटी देईन. आधी दोन प्रश्न: बातमी आई-बाबांच्या कानावर किती वाटांनी येते, आणि कुठल्या बातमीला काय करायचं हे मे महिन्यातच ठरलंय का.

२०२३ मध्ये वाजलं ते सेल ब्रॉडकास्ट. दूरसंचार विभागाने त्या वर्षी देशभर त्याच्या चाचण्या घेतल्या. एसएमएस हा एकेका नंबरवर जातो. हा संदेश टॉवरवरून सुटतो आणि त्या टॉवरच्या टप्प्यात जेवढे फोन चालू आहेत तेवढ्यांवर एकदम उमटतो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, आणि लाईन तुंबली म्हणून तो अडकत नाही. मात्र यातच एक मेख आहे. तुम्ही पुण्यात असाल तर चिपळूणच्या टॉवरवरून सुटलेला भोंगा तुमच्या फोनवर वाजणार नाही. ‘माझ्या मोबाईलवर काहीच आलं नाही, म्हणजे तिकडे ठीक असेल’ असा हिशेब बाहेरगावी असलेली मुलं करतात, तो इथे चुकतो. तुमच्यासाठी वाट वेगळी: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अ‍ॅप घ्या आणि त्यात रत्नागिरी जिल्हा निवडून ठेवा. हवामान विभागाचं ‘मौसम’ही असू द्या.

आता आई-बाबांचे फोन. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा दोन्ही फोन हातात घेऊन बसा. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ किंवा नुसतं ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ शोधा. काही कंपन्यांनी ते मेसेजच्या सेटिंगमध्ये दडवलंय. आतली सगळी बटणं चालू करा, चाचणी संदेशाचंसुद्धा. आयफोनमध्ये ‘नोटिफिकेशन्स’च्या अगदी तळाशी सरकारी अलर्टचा भाग असतो. चाचणीचा आवाज ऐकून घाबरून ज्यांनी तेव्हाच हे बंद करून टाकलं, असे ज्येष्ठ मी पुष्कळ पाहिलेत, तेव्हा हे तपासल्याशिवाय गृहीत धरू नका.

बाबांकडे बटणांचा फोन असेल तर त्याची मेसेजची पेटी उघडा. भरलेली असणार. रिचार्जच्या जाहिराती, लॉटरी, बँकेचे ओटीपी, सगळं वर्षभर तसंच. या फोनमध्ये जागा संपली की नवा एसएमएस आतच येत नाही, वर फक्त पाकिटाचं चिन्ह लुकलुकतं आणि ते कोणी बघत नाही. पावसाळ्यात जिल्ह्याकडून येणारे इशारे बहुतेक एसएमएसनेच येतात. सगळं पुसून टाका आणि दर महिन्याला पुसायची जबाबदारी शेजारच्या एखाद्या पोरावर टाका. रात्री फोन बंद करून झोपायची बाबांची सवय असेल तर जून ते सप्टेंबर ती मोडावी लागेल.

एवढं करूनही फोन ही एकच वाट झाली. वीज गेली, टॉवरची बॅटरी काही तासांत संपली, की फोन नुसतं घड्याळ उरतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात नेमकं तेच झालं. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते, रात्रभर पाऊस ओतत होता, आणि सकाळी बाहेरच्या नातेवाइकांना एकही फोन लागेना. म्हणून दुसरी वाट अशी हवी जी त्या टॉवरवर आणि त्या तारेवर अवलंबून नाही. सेलवर चालणारा साधा रेडिओ, आकाशवाणी रत्नागिरीवर लावून ठेवलेला. (मोबाईलमधला एफएम चालतो, पण त्याला वायरचे इअरफोन लागतात, तीच त्याची एरियल असते, आणि आजकालच्या फोनांतून ती सोयही काढून टाकलीय.) तिसरी वाट माणसांची. नगरपालिकेचा भोंगा वाजला किंवा स्पीकर लावलेली गाडी फिरली तर पावसाच्या आवाजात, दारं-खिडक्या बंद असताना, साठीपुढच्या माणसाला ते ऐकू येतंच असं नाही. गल्लीत एखादा तरुण मुलगा ठरवा, जो दार ठोठावेल आणि आतून उत्तर येईपर्यंत ठोठावत राहील. त्याचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्याच्याकडे. माझ्या मते कुठल्याही अ‍ॅपपेक्षा ही व्यवस्था जास्त भरवशाची, पण ती विकत मिळत नाही, त्यासाठी चार घरी चहाला जावं लागतं.

आता इशाऱ्यांच्या रंगांचं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे कृती करा. हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ म्हणतो. पण रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही. तसा पाऊस पडण्याची शक्यता किती आणि पडला तर परिणाम काय, हेही त्यात धरलेलं असतं. शिवाय तो अख्ख्या जिल्ह्याला लागतो. रत्नागिरी जिल्हा म्हणजे मंडणगडापासून राजापुरापर्यंत. लाल इशारा असताना चिपळूणात दिवसभर रिपरिप आणि राजापुरात धो धो, असं होतं, आणि लोक म्हणतात ‘हवामानखात्याचं नेहमीचंच’. तुमचा वैताग तिथलाच आहे. उपाय असा, की जिल्ह्याचा रंग ही फक्त सुरुवात समजायची आणि त्यावर आपल्या घराच्या दोन-तीन गोष्टी जोडायच्या.

चिपळूणच्या बाबतीत त्या गोष्टी अशा. वाशिष्ठीला पाणी सह्याद्रीच्या माथ्याकडून येतं, तेव्हा शहरातला पाऊस थोडा कमी झाला म्हणून हुरळायचं नाही. वर घाटात काय चाललंय ते बघायचं. कोयनेच्या वीजघरांतून आलेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत उतरतं, म्हणून तिथल्या विसर्गाची बातमी महत्त्वाची. आणि तिसरी भरती. गोवळकोटपर्यंत खाडीचा अंमल आहे. उधाणाची भरती असताना नदीला उतरायला जागा मिळत नाही, पाणी तुंबून शहरातून वाहणाऱ्या शिवनदीच्या अंगाने गावात पसरतं. २०२१ ची ती रात्र गुरुपौर्णिमेच्या तोंडावरची होती, हे लक्षात ठेवा. कोकणातली जुनी माणसं तिथीला पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, म्हणजे दिवसा एक तशी रात्रीही एक. हिशेब ढोबळ आहे, बंदराचं कोष्टक जास्त अचूक. पण बाबांना हा हिशेब येत असेल तर त्यांच्याशी बोलायला तो सोपा पडेल. ‘बाबा, आज नारंगी आहे’ याला ते हसतील. ‘बाबा, वरती घाटात थांबत नाहीये आणि मध्यरात्री भरती आहे’ हे त्यांना पटेल.

इतर नद्यांना पातळीचे आकडे पाठ असतात. खेडला जगबुडीचे ५ मीटरला इशारा आणि ७ ला धोका, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे ३९ आणि ४३ फूट. कोल्हापूरचं पाणी चढायला वेळ घेतं, तिथे ३९ ते ४३ मध्ये माणसाला सामान हलवता येतं. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. तिथे तासांचा खेळ असतो. घाटावरच्या नातेवाइकांचा सल्ला या बाबतीत घेऊ नका.

मग ठरवायचं काय? मी घरोघरी सांगतो ते असं. पिवळ्याला काही करायचं नाही, फक्त फोन आणि पॉवर बँक भरलेली ठेवायची. नारंगीला पाणी भरायचं, कागद आणि औषधं माडीवर न्यायची, गाडी वरच्या भागात लावून यायची, वीज आहे तोवर उद्याचा स्वयंपाक उरकायचा. लाल असेल, किंवा नारंगी असून घाटात जोर असेल आणि रात्री मोठी भरती असेल, तर संध्याकाळी सहाच्या आत आई-बाबांनी मुक्कामाला वरच्या भागातल्या नातेवाइकांकडे जायचं. पाणी बघून ठरवायचं नाही. अंधार पडल्यावर, वीज गेल्यावर, गुडघाभर गढूळ पाण्यात, खाली गटाराचं झाकण आहे की नाही ते दिसत नसताना, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालवणं हे बचावपथकालाही जड जातं. माडीवर चढून बसणं हा दुसरा पर्याय आहे, पहिला नव्हे.

बाबा नाही म्हणतील. ‘पन्नास पावसाळे काढले इथे’ असं म्हणतील, आणि चुकीचं बोलतायत असंही नाही. त्यांच्याशी पुराच्या दिवशी फोनवर वाद घालू नका. मेमध्ये, आगोटीची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी चालू असते तेव्हा, ज्यांच्याकडे जायचं त्या मामांना किंवा मावशींना घरी जेवायला बोलावून त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या, ‘भाऊजी, मोठा पाऊस असला की रात्री आमच्याकडेच’. एखाद्या साध्या पावसाच्या रात्री एकदा जाऊन राहून यायला सांगा. गेले आणि काहीच झालं नाही तर ‘फुकट हेलपाटा’ म्हणायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच बजावा. चार वेळा व्यर्थ जाणं हे या व्यवस्थेत धरलेलंच आहे.

जुन्या खुणेबद्दलही सांगायला हवं. चिपळूणात पुष्कळ घरांत भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती. २०२१ ला अनेकांनी प्रामाणिकपणे सामान त्या रेघेच्या वर वीतभर ठेवलं, आणि पाणी त्याच्याही वर गेलं. रेघ सांगते की इतकं येऊ शकतं. याहून जास्त येणार नाही, असं ती सांगत नाही. वर न्यायचं ते सरळ माडीवर. कपाटावर, टेबलावर, ओट्यावर ठेवलेलं वर ठेवलं असं धरू नका.

माडीवर कायमची एक पत्र्याची पेटी असू द्या. त्यात दोघांचं तीन दिवसांचं भागेल असं न शिजवता खाता येणारं: पोहे, कुरमुरे, शेंगदाणे, गूळ, खाकरा. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, म्हणजे दोघांना तीन दिवसांचं पंचवीसेक लिटर. झाकणाचे दोन कॅन पुरतात. विहिरीला पाणी असलं तरी पुरानंतर ती घाण होते आणि नळयोजनेचे पंप बुडालेले असतात. पाणी शुद्ध करायला मेडिक्लोरची बाटली, ओआरएस, सेल, शिट्टी, जाड दोरी, कोयता. शिट्टीची गंमत वाटेल, पण ओरडून घसा बसतो आणि पावसात आवाज पोचत नाही, शिट्टी पोचते. कोयता कौलारू घरासाठी: माळ्यावरून छपरावर निघायची वेळ आली तर वासे-रिपा तोडाव्या लागतात. सोसायटीत राहणाऱ्यांनी गच्चीच्या कुलपाची चावी कुणाकडे असते ते आजच विचारावं. सेक्रेटरी मुंबईला आणि चावी त्यांच्या खिशात, हे काल्पनिक नाही.

यादीत कुणीच लिहीत नाही ती गोष्ट म्हणजे संडास. तळमजला पाण्यात गेला की संडासही गेला, आणि मैलापाणी उलटं वर येतं. माडीवर झाकणाची बादली, जाड पिशव्या आणि चुन्याची पुडी ठेवा. लाजेपायी माणसं, विशेषतः बायका, पाणी पिणं बंद करतात आणि मधुमेही माणसाला ते भोवतं. आईच्या इन्सुलिनसाठी एक छोटा मातीचा माठ आणि ओलं फडकं ठेवा. वीज नसताना कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवली तर काही दिवस चालते. बर्फाला थेट टेकवायची नाही. डॉक्टरांकडून पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा लिहून घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये.

तासभर हातात असेल तेव्हा क्रम असा. कागद, औषधं, दागिने, चार्जर. मग गॅस: रेग्युलेटर बंद करून काढायचा, टोपी लावायची, शक्य असेल तर सिलिंडर वर, नसेल तर खिडकीच्या गजाला घट्ट बांधायचा, अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. फ्रिजसुद्धा तरंगतो, आडवा होऊन दारात अडकतो, मग बाहेर निघायची वाट बंद. त्याचा प्लग काढा आणि तो दारापासून लांब सरकवा. उचलायच्या फंदात बाबांनी पडू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या तारा सोडवा. घर सोडताना किंवा माडीवर चढताना मेन स्विच बंद, आणि तेही पाय कोरडे असतानाच. बोर्डाखाली पाणी आलेलं असेल तर त्याला हात न लावता महावितरणला १९१२ वर सांगा.

मदतीचे नंबर. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०, तातडीला ११२. पण १०७७ पुण्यातून फिरवाल तर पुण्याच्याच कक्षात वाजेल. रत्नागिरी कक्षाचा एसटीडी कोडसह पूर्ण नंबर जिल्ह्याच्या संकेतस्थळावरून घेऊन आत्ताच जतन करा. ११२ मात्र राज्यभराचा आहे, पुण्यातून लावून चिपळूणचा पत्ता सांगितलात तर चालतं. पत्ता सांगताना गल्ली, जवळची मोठी खूण, घर किती मजली, आत किती माणसं आणि चालता न येणारं कोण, एवढं एका दमात. ‘लवकर या हो, पाणी भरलंय’ असे फोन कक्षात शेकड्यांनी येतात. बोट पाठवता येते ती पत्ता लागलेल्यांकडे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘धरण फुटलं’ हमखास फिरतं. खऱ्या इशाऱ्यात तारीख, वेळ, भाग आणि कधीपर्यंत लागू ते लिहिलेलं असतं. अफवेत ‘आज रात्री’, ‘उद्या’, ‘सर्वांना कळवा’ असतं. तारीख-वेळ नसलेला निरोप पुढे पाठवू नका आणि आई-बाबांना वाचूनही दाखवू नका, आधी कक्षाला विचारा.

तुमचं घर सपाटीवर आहे, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची वाडी डोंगराखाली असेल तर वरचं अर्धं गणित बदलतं. चिपळूण बुडालं त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. २०१४ चं माळीण, २०२३ ची इर्शाळवाडी. इर्शाळवाडीला तर माणसं रात्री घरात होती. तुमच्या वाडीमागच्या उताराचा इशारा कुठल्याच फोनवर येणार नाही. जमिनीला पडलेली नवी भेग, कलायला लागलेली झाडं किंवा विजेचे खांब, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं: यातलं काही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल तर तलाठ्याची वाट न पाहता वाडी रिकामी करा, कळवा नंतर.

वादळाचं थोडं वेगळं. चक्रीवादळाची पूर्वसूचना चार टप्प्यांत येते, पहिली साधारण ७२ तास आधी, म्हणून तिथे वेळ मिळतो. निसर्ग ३ जून २०२० ला आलं तेव्हा माणसं बऱ्यापैकी हलली होती. पण पत्रे उडाले, श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि काही गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यासाठी तीन दिवसांची पेटी पुरत नाही. घरावर झुकलेल्या फांद्या मेमध्ये छाटणं आणि पत्र्यांचे हूक आवळणं याला पर्याय नाही. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप चांगलं आहे, शेतावर जाणाऱ्याच्या फोनमध्ये हवंच.

पाणी ओसरू लागलं की पहिलं काम चिखल. पाणी उतरत असतानाच त्याच पाण्याने झाडून तो बाहेर ढकलायचा, एकदा वाळला की फावड्याने खणावा लागतो. पण त्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर घाण ठेवायची गरज नाही, पुरावा ठेवायची आहे. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय आत जाऊ नका, अडगळीत साप असतात. पायाला जखम असून त्या चिखलात उतरला असाल तर लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, ताप येण्याची वाट पाहू नका. वायरमनने तपासल्याशिवाय मेन वर करू नका. आणि गाडी खालीच राहून बुडाली असेल तर ‘चालू होते का बघू’ म्हणून एकदाही स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी असताना मारलेल्या त्या एका स्टार्टरने इंजिन कायमचं जातं, आणि साध्या पॉलिसीत विमा कंपनी ते नुकसान भरून देत नाही. टो करून गॅरेजला न्या, आणि पुढच्या नूतनीकरणाला इंजिन प्रोटेक्शनचं कलम घालून घ्या.